खेळ, आख्यान आणि संहिता : सांगली-सातारा परिसरातील उत्स्फूर्ततेविषयी

मराठी रंगभूमीचा इतिहास ५ नोव्हेंबर १८४३ या तारखेपासून मोजण्याचा प्रघात आहे. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णू अमृत भावे यांनी त्या दिवशी 'सीतास्वयंवर' हे आख्यान रंगभूमीवर आणले. या प्रघातावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले आहेत. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटके रचली गेली होती, हे आता सर्वज्ञात आहे. मात्र अग्रमान कोणाचा, हा वाद फारसा फलदायी नाही. सांगलीत जे सुरू झाले त्याचे स्वरूप नेमके काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळचा प्रेक्षक नाटकाला 'खेळ' म्हणत असे. समीक्षेने हा शब्द बोलीतला सैल प्रयोग म्हणून सोडून दिला. तो शब्दशः घेतला, तर भाव्यांच्या रंगभूमीविषयी काही निराळे दिसू लागते.

१८४२ मध्ये उत्तर कानडातील कर्की येथील भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले. ते पाहून तशाच धर्तीवर, पण अधिक नेटके असे काही मराठीत करावे, अशी अप्पासाहेबांची इच्छा झाली आणि ते काम भाव्यांकडे आले. त्यांनी जी रचना सिद्ध केली तिचे सूत्र साधे होते. मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपती आणि सरस्वती यांचे आगमन एवढे झाले की आख्यान सुरू होई. सूत्रधार आरंभापासून शेवटपर्यंत रंगभूमीवर उभा असे. पदे तो आणि त्याचे साथीदार म्हणत. पदातून प्रसंग, पात्राची मनःस्थिती आणि पुढची कृती सूचित होई. पात्रे त्या आशयाला धरून स्वतःच्या शब्दांत भाषण करीत. हे भाषण लिहिलेले नसे. तालमीत दिशा मिळत असे, पण वाक्ये नटाची असत. देव आपल्या गांभीर्याने बोलत, राक्षस आरोळ्या ठोकीत येत, आणि विदूषकाला तर पुराणकाळातून चालू काळात केव्हाही उतरण्याची मुभा असे.

म्हणजे येथे दोन प्रकारची सत्ता होती. घटनेवरची सत्ता सूत्रधाराची आणि उक्तीवरची नटाची. रावणाने धनुष्य उचलावे असे नटाला कितीही वाटले तरी ते उचलले जाणार नाही. परंतु ते न उचलता आल्याची नामुष्की कोणत्या शब्दांत व्यक्त करायची, हे तोच ठरवणार. योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ आणि संस्कृती यांचा संबंध मांडताना नियमबद्धता हे खेळाचे लक्षण मानले. रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये त्यात भर घालून मुक्त क्रीडा आणि नियमबद्ध क्रीडा अशी दोन टोके कल्पिली. भाव्यांचा खेळ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. त्यात नियम आणि मुक्तता एकाच मापाच्या दोन मात्रा नाहीत. त्या दोन वेगळ्या पातळ्यांवर वावरतात. शेवट सर्वांना ठाऊक असल्यामुळेच नटाला बोलण्याचे धैर्य येते.

या मुद्द्यावर एक दूरचे उदाहरण उपयोगी पडते. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र धारण करतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात, आणि एक निवाडेकार त्याचा परिणाम ठरवतो. मूळ पुस्तिकांत नियमांच्या मानाने पोकळ्याच अधिक होत्या. त्या निवाडेकाराने प्रसंगी भरायच्या. पुढच्या आवृत्त्यांत पोकळ्या बुजत गेल्या, ग्रंथ जाड झाले. आणि २००० नंतरच्या दशकात जुन्या नियमांची पुनर्रचना करून जुन्या पद्धतीने खेळण्याची एक चळवळच उभी राहिली. नियमावलीपेक्षा निवाडा श्रेष्ठ, असा तिचा आग्रह. सूत्रधार आणि हा निवाडेकार यांत साम्य आहे. पण फरक अधिक बोलका आहे. तेथे उक्ती गौण असून शेवट मोकळा आहे, सांगलीच्या खेळात शेवट बांधलेला असून उक्ती मोकळी आहे. तरीही दोन्ही ठिकाणी पुस्तक जाड होत गेले तसे स्वातंत्र्य आकसले, आणि ते आकसल्यानंतर स्मरणरंजन सुरू झाले.

मराठीत पुस्तक जाड होण्याची प्रक्रिया १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकापासून दिसू लागते. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ चे. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या पिढीला लिखित संवाद हे सुसंस्कृततेचे गमक वाटले, आणि जुन्या खेळांना 'तागडथोम', 'अललडुर्र' अशी नावे पडली. सूत्रधाराच्या तालाची आणि राक्षसाच्या आरोळीची ही नक्कल कुत्सित खरी, पण तिच्यात नकळत एक अचूक निरीक्षण आहे. जे लिहिता येत नव्हते तेच हेटाळणीचे नाव झाले.

१८८० मध्ये किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने निर्णायक बदल केला. पदे सूत्रधाराकडून पात्रांकडे गेली आणि प्रस्तावना आटोपून सूत्रधार रंगभूमीवरून निघून गेला. त्याचा अधिकार संहितेत विरघळला. नटाला वाक्य मिळाले, मग उत्स्फूर्तता कोठे गेली? ती गाण्यात गेली. पदाचे शब्द बांधलेले, पण आलाप, ताना आणि 'वन्समोअर'च्या प्रतिसादात होणारा विस्तार नटाच्या स्वाधीन. संगीत नाटकातील गायन नाट्याला मारक ठरले, अशी तक्रार नंतरच्या समीक्षेने वारंवार केली. हिरावलेल्या मुभेची ती भरपाई होती, हे मात्र तिच्या ध्यानात आले नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' (१८९९) या नाटकात बोलभाषेची जी सहजता आहे, तीही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. नट जसे बोलला असता तसे आता नाटककार लिहितो.

येथवरचा वृत्तान्त हानीचा वृत्तान्त वाटेल. तसा तो वाचणे चुकीचे ठरेल. मुभा कोणाला होती? पौराणिक आख्यानाच्या चौकटीत स्त्रीपात्रे पुरुष करीत, आणि शेवट ठरलेला असणे म्हणजे जगाची व्यवस्थाही ठरलेली असणे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. त्यातही विदूषक आहे. पण तो उत्स्फूर्त बोलत नाही, त्याचा शब्दन् शब्द लेखकाने योजलेला आहे. आख्यानाबाहेरची गोष्ट सांगायची असेल तर ती लिहूनच ठेवावी लागते, नटाच्या जिभेवर सोडून भागत नाही. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही, आणि ते छापून येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. उत्स्फूर्त खेळाच्या आठवणीने हळहळणाऱ्याने हे वर्ष विसरू नये.

उत्स्फूर्त भाषणाची परंपरा याच परिसरात, पण दुसऱ्या समाजस्तरात जिवंत राहिली. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबू यांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो; त्याचा काळ १८६५ चा सांगतात. म्हणजे नागर रंगभूमी संहितेकडे वळत असतानाच तमाशात गण, गौळण, बतावणी यांच्यामागून कथानक आले. पण ते संहिता होऊन आले नाही. कवने बांधलेली, गद्य मोकळे. सरदार विचारणार आणि सोंगाड्या त्याचे बोलणे उलटवणार, एवढे ठरलेले. कसे उलटवणार, ते त्या गावच्या पाटलावर, त्या रात्रीच्या पावसावर अवलंबून. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू, यांचा 'जहरी प्याला' हा वग जुळेपणाच्या नियमातून निघणाऱ्या गोंधळावर उभा आहे. कोण कोणता, हा संशय एकदा प्रस्थापित झाला की बाकीचे हजरजबाबीपणावर सोपवता येते.

राज्यसंस्थेला नेमके हेच सोसत नाही. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आक्षेपार्ह प्रयोगावर बंदी घालू शकत असे. परंतु जे लिहिलेलेच नाही ते आधी तपासायचे कसे? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली, आणि ती उठताना लेखी संहितेच्या तपासणीची अट आली. सोंगाड्याच्या उत्तराला प्रथमच कागद मागितला गेला. अश्लीलतेचे कारण पुढे केले गेले, आणि ते सर्वस्वी खोटे होते असेही नाही. तरी अश्लील काय, हे ठरवणारा वर्ग आणि बोलणारा वर्ग एक नव्हते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी याच साच्याचे लोकनाट्य केले आणि गणातील गणेशवंदना बाजूला सारली, तेव्हा नियम मोडण्यासाठीही नियम हाती असावा लागतो हे दिसले.

त्यानंतर स्मरणरंजनाचा काळ. १९४३ मध्ये सांगलीत वि. दा. सावरकरांच्या अध्यक्षतेखाली नाट्यशताब्दी साजरी झाली. गौरव भाव्यांचा झाला, पण त्यांना आद्य 'नाटककार' म्हणून. म्हणजे जे ते नव्हते त्या नात्याने. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) तमाशाचा साचा नागर रंगभूमीवर आणते. छापील नाटक लहान आहे. दादा कोंडके यांच्या तोंडी ते रात्रीगणिक वाढत असे. प्रेक्षक ज्यासाठी पुन्हा पुन्हा येत, ते पुस्तकात नव्हते.

भाव्यांनी १८८५ मध्ये आपला 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध केला. त्यात आख्यानांची पदे आहेत. दोन पदांच्या मध्ये पात्रांनी बोलायचे, ते बोलणे मात्र त्यात नाही. पुढच्या अभ्यासकांनी ही उणीव मानली, आणि संहिता अपूर्ण आहे असे समजून तिच्यावर साहित्यकृती म्हणून फारसे लिहिले नाही. परंतु ते पुस्तक सूत्रधाराचे आहे. आजही ते हाती घेऊन 'सीतास्वयंवर' करायचे कोणी ठरवले, तर पहिले पद संपताच जनकाचे सोंग घेतलेल्याला स्वतःच तोंड उघडावे लागेल.