कपाशीच्या शेतातली परिस्थितिकी : परभणीची गुलाबी बोंडअळी

परिस्थितिकी म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालाशी असलेले नाते अभ्यासणारे शास्त्र. उष्ण कटिबंधातील परिस्थितिकी म्हटले की घनदाट जंगल आठवते. पण सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावरचा परभणी जिल्हाही याच पट्ट्यात येतो आणि तिथे हे शास्त्र कपाशीच्या शेतात शिकता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (स्थापना 1972) विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षी ‘रावे’ कार्यक्रमात गावात राहून पिके जवळून पाहतात.

गुलाबी बोंडअळी वरून दिसत नाही. बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजते. बोंड हिरवेगारच राहते. त्यामुळे मोजल्याशिवाय गत्यंतर नसते. पाकळ्या न उमललेली फुले, म्हणजे डोमकळ्या, शोधायच्या. शेतभर फिरून 20 हिरवी बोंडे फोडायची. दोन बोंडांत अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली गेली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर पतंग अडकणे हाही तसाच इशारा.

बीटी कपाशी 2002 मध्ये आली. हिरवी (अमेरिकन) बोंडअळी तिने बरीच आटोक्यात ठेवली. गुलाबी अळीत मात्र प्रतिकारशक्ती आली आणि 2017 मध्ये मराठवाडा-विदर्भात मोठे नुकसान झाले. दोघींत फरक का? उत्तर त्यांच्या खाण्यात आहे. हिरवी अळी तूर, हरभऱ्यावरही जगते. तिथले बीटीशी संबंध न आलेले पतंग कपाशीतल्या पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकार विरळ होत जातो. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते, तिला अशी वेगळी वस्ती नाही. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम याचसाठी होता. पण अनेकांनी त्या लावल्याच नाहीत. आपल्याच रानात कीड पोसायला कोण तयार होणार?

थंड देशांत कडक हिवाळ्यात बऱ्याच अळ्या मरतात. परभणीत तशी थंडी नाही, त्यामुळे अन्न तुटणे हाच अळीच्या जीवनक्रमातला मोठा खंड. पाण्याची सोय असलेल्या रानात फरदड ठेवली, तर हा खंडच उरत नाही. म्हणून डिसेंबरअखेर पीक काढण्याचा सल्ला असतो. मात्र उपटलेली पऱ्हाटी सरपणासाठी बांधावर किंवा घरामागे रचली, की तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत सुप्तावस्थेत तग धरू शकते.