वाफेची पळवाट

१६८२ च्या एप्रिलमध्ये लंडनला रॉयल सोसायटीच्या मंडळींची एक पंगत बसली. मासे, मटण, सगळं एकाच जातीच्या भांड्यांत शिजवलेलं. रोजनिशीकार जॉन एव्हलिन या पंगतीला होता. बैलाची आणि मेंढ्याची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि त्यासाठी पाव किलोसुद्धा कोळसा लागला नव्हता, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. भांडी होती डेनिस पापिनची. हा फ्रान्समधल्या ब्लुआचा, शिक्षणाने डॉक्टर, आधी पॅरिसमध्ये हायगेन्सच्या आणि मग लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली राबलेला. १६७९ मध्ये त्याने सोसायटीपुढे आपला ‘डायजेस्टर’ मांडला होता. जाड धातूचं भांडं, स्क्रूने आवळलेलं झाकण आणि आत कोंडलेली वाफ.

आत किती तापलंय हे पाहायची त्याची तऱ्हा मोठी गमतीची. झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा थेंब सोडायचा आणि तो उडून जाईपर्यंत लंबकाचे झोके मोजायचे. पण भांडं फुटायच्या बेताला आलं तर थेंब काय करणार? म्हणून झाकणाला एक बारीक भोक, भोकावर बूच, बुचावर आडवी दांडी. दांडीचं एक टोक बिजागरीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाकडे वजन टांगलेलं. वजन बाहेर सरकवलं की बूच घट्ट बसतं, आत घेतलं की हलक्या रेट्यानेही उचललं जातं. वाफ वरचढ झाली की बूच आपणच उठतं, जादा वाफ निघून जाते आणि बूच पुन्हा जागेवर येतं. १६८१ च्या पुस्तकात पापिनने हे सगळं मांडलं आहे. आपल्या कुकरची शिटी याच घराण्यातली. दांडी गेली आणि वजन थेट भोकावर येऊन बसलं, इतकंच.

या बुचाची, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हची, पुढची कथा यंत्रापेक्षा माणसांचीच जास्त आहे. व्हॉल्व्ह सुटला की आवाज होतो, वाफ जाते, आणि जवळच्या माणसाला वाटतं, कोळसा फुकट चालला. मग त्याचा हात शिवशिवतो.

रिचर्ड ट्रेव्हिथिक हा कॉर्नवॉलचा इंजिनिअर. जेम्स वॉटला धास्ती वाटे तसली जास्त दाबाची इंजिनं तो बिनदिक्कत बांधायचा. १८०३ मध्ये ग्रिनिचला त्याचं एक इंजिन फुटलं आणि चार माणसं गेली. चूक इंजिनाची नाही, चालवणाऱ्यांच्या हयगयीची, असं ट्रेव्हिथिकचं म्हणणं होतं. वॉटच्या गोटाने मात्र या स्फोटाचा मनसोक्त गाजावाजा केला. ट्रेव्हिथिकने त्यानंतर जे केलं ते मला त्याच्या इंजिनांहून थोर वाटतं. त्याने एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह बसवायला सुरुवात केली, आणि त्यातल्या एकाला चालवणाऱ्याला हात लावता येऊ नये अशी तजवीज केली. शिवाय बॉयलरला शिशाची एक गुडदी ठोकली. पाणी कमी होऊन पत्रा तापला की शिसं वितळणार आणि त्या भोकातून वाफ बाहेर पडणार. शिशाला दमदाटी करून थांबवता येत नाही.

अमेरिकेला हा धडा स्वतः गिरवावा लागला. साउथ कॅरोलायनात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन’ या इंजिनाच्या फायरमनला व्हॉल्व्हची शिट्टी असह्य झाली. १७ जून १८३१ रोजी त्याने तो दाबून बंद केला. बॉयलर फुटला आणि फायरमन प्राणाला मुकला. प्रवाशांची भीती जावी म्हणून कंपनीने पुढे इंजिन आणि डबे यांच्यामध्ये कापसाच्या गठ्ठ्यांची एक वाघीण जोडली!

पक्का तोडगा काढला तो इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमने, १८५५ च्या सुमारास. शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह, मधे एकच स्प्रिंग आणि दोघांवर मिळून एक दांडी. एका बाजूने दांडी दाबायला जावं तर दुसरा व्हॉल्व्ह मोकळा होतो. आगाऊ हाताला इतकं नम्र उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. अख्ख्या देशाचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

न्हाणीघराला मात्र बराच काळ या भानगडीशी कर्तव्य नव्हतं. आपला तांब्याचा बंब घ्या. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, आणि पाणी ओतायचं तोंड उघडं. दाब साठणार कुठे? लंडनच्या बेंजामिन मॉनने १८६८ मध्ये गॅसवर चालणारा पहिला ‘गीझर’ काढला, त्यातही पाणी वाहतं असायचं. जळक्या गॅसला धुराडं नव्हतं, हा धोका वेगळा. बंद टाकीत पाणी तापवून साठवायचं आणि ते आपोआप, ही सोय पिट्सबर्गच्या एडविन रूडने १८८९ मध्ये आणली. त्या सोयीबरोबर पापिनचं कोडंही मोरीत येऊन बसलं.

उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांवर उकळून मोकळं होतं. आठ बार दाबाखालचं पाणी पावणेदोनशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळतच नाही. टाकी फुटली की दाब एकदम शून्यावर येतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, लिटरमागे सुमारे १६०० लिटर. म्हणून गीझरला पहारे एकामागे एक असतात. आधी थर्मोस्टॅट, तो चिकटला तर कटआउट, तोही फसला तर व्हॉल्व्ह. अमेरिकेत हा व्हॉल्व्ह सहसा दाब आणि तापमान दोन्हींवर उघडतो, १५० पौंडांना किंवा २१० अंश फॅरेनहाइटला. आपल्या साठवणीच्या गीझरला बहुधा आठ बारला सुटणारा व्हॉल्व्ह असतो, आणि बऱ्याच गीझरांत शिवाय वितळणारा फ्यूजिबल प्लगही. ट्रेव्हिथिकच्या शिशाचाच हा वारस.

आता गीझरच्या या व्हॉल्व्हमधून गळणारे थेंब. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेलं की ते साधारण पावणेचारशे मिलिलिटरने फुगतं. गार पाण्याच्या नळात परतायची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने अडवलेली, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. पाणी तापताना ठिबकणं आणि नंतर थांबणं, हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण. गीझर बंद असतानाही धार लागली असेल तर क्षार अडकलेत, किंवा इमारतीचा प्रेशर पंप जास्त जोर लावतोय. तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावायचा. प्रत्यक्षात काय होतं? फरशी ओली होते म्हणून प्लंबरला बोलावतात, आणि तो घाईत असला तर तोंडाला डमी ठोकून किंवा एमसील थापून मोकळा होतो. रॅम्सबॉटमची दांडी इथे नाही.

व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी जोडून ती मोरीच्या जाळीपाशी सोडली की फरशीचा प्रश्न मिटतो. नळीला उतार हवा, तिचं टोक उघडं हवं आणि मधे कुठेही कॉक नको. बोअरचं जड पाणी असेल तर व्हॉल्व्हची छोटी दांडी दर काही महिन्यांनी उचलून पाहावी, मात्र पाणी गार असताना. क्षारांनी जाम झालेला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो आणि एक थेंबही गळत नाही.