अमेडिअस क्वार्टेट

अमेडिअस क्वार्टेट : (१९४७–८७). लंडनस्थित तंतुवाद्य-चौकडी. नॉर्बर्ट ब्रेनिन (पहिले व्हायोलिन), झिग्मुंड निसेल (दुसरे व्हायोलिन), पीटर शिडलॉफ (व्हिओला) व मार्टिन लव्हेट (चेलो) हे तिचे सदस्य. चाळीस वर्षांत त्यांतला एकही बदलला नाही.

पहिले तिघे व्हिएन्नात वाढलेले ज्यू. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ही पोरे इंग्लंडला आली. पण १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन निर्वासितांनाच ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवून डांबायला सुरुवात केली. नाझींपासून पळालेले नाझींचे म्हणून आत गेले! ब्रेनिन आणि शिडलॉफ यांची ओळख झाली ती श्रॉपशरमधल्या प्रीस हीथच्या छावणीत; पुढे आइल ऑफ मॅनच्या छावणीत शिडलॉफला निसेल भेटला. सुटकेनंतर माक्स रोस्टाल या नामवंत गुरूंनी तिघांना फी न घेता शिकवले. लव्हेट मात्र लंडनचाच.

व्हिएन्नाचे तिघेही व्हायोलिनवादक, आणि चौकडीला व्हायोलिने लागतात दोनच. शिडलॉफने व्हिओला उचलला. व्हायोलिनवाल्याच्या दृष्टीने हे पायउतार होणेच; पण या चौकडीचा भरीव, उबदार नाद बराचसा त्या व्हिओलाचा आहे. पुढे त्याच्या हाती १७१९ सालचा स्ट्रॅडिव्हेरियस व्हिओला आला.

१९४७ च्या उन्हाळ्यात डार्टिंग्टन येथे ‘ब्रेनिन क्वार्टेट’ या नावाने ते प्रथम लोकांसमोर वाजले. संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांची कन्या इमोजेन यांनी ते ऐकले आणि लंडनच्या कार्यक्रमासाठी पैसे उभे करून दिले. १० जानेवारी १९४८ रोजी विगमोर हॉलमध्ये, मोझार्टच्या मधल्या नावाने, ‘अमेडिअस’ची पहिली मैफल झाली. मोझार्टचे पहिले नाव वुल्फगँग. त्यामुळे मित्रमंडळी त्यांना ‘वुल्फ गँग’, म्हणजे लांडग्यांची टोळी, म्हणत. मराठीत चांडाळचौकडी म्हटले असते.

ऑर्केस्ट्रात एखाद्याचा स्वर घसरला तर शेजारची दहा-बारा व्हायोलिने तो झाकून नेतात. चौकडीत ती सोय नसते. समोर काठी हलवणारा संचालकही नसतो. डोळ्यांच्या खुणेवर आणि श्वासावर चौघांना एकदम उठावे लागते. ‘अमेडिअस’च्या वादनात ब्रेनिन पुढे धाव घेई, बाकीचे त्याला धरून ठेवत. तालाच्या काटेकोरपणात पुढच्या पिढीतल्या चौकड्या सरस असतील. गाता स्वर मात्र यांचाच.

हायडन, मोझार्ट, बेथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स हे त्यांचे घर. शूबर्टच्या सी मेजर पंचकासाठी दुसऱ्या चेलोवर विल्यम प्लीथ साथीला येत. डॉइचे ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी विपुल ध्वनिमुद्रणे केली. आधुनिक संगीताकडे ते फारसे वळले नाहीत. बार्टोक आणि ब्रिटन हे ठळक अपवाद. बेंजामिन ब्रिटन यांची तिसरी चौकडी-रचना त्यांनी १९ डिसेंबर १९७६ रोजी स्नेप येथे प्रथम सादर केली. रचनाकार दोनच आठवड्यांपूर्वी वारले होते.

ऑगस्ट १९८७ मध्ये शिडलॉफ गेला. नवा व्हिओलावादक न शोधता उरलेल्या तिघांनी चौकडीच बंद केली आणि शिकवण्याचे काम चालू ठेवले. ब्रेनिन २००५ मध्ये, निसेल २००८ मध्ये आणि लव्हेट २०२० मध्ये निवर्तले.