कारवानी कुत्रं आणि प्रदर्शनाचं रिंगण

श्वानप्रदर्शन म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती विंचरून चकचकीत केलेली विलायती कुत्री आणि त्यांच्या बाजूने धावणारे हौशी मालक. त्यात नवल नाही, हा खेळच तिकडचा. १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला असं प्रदर्शन भरलं. साठ कुत्री, तीही फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकाऱ्यांची. बक्षीस काय, तर बंदुका! १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, आणि आपल्याकडचा केनेल क्लब ऑफ इंडिया आपली स्थापना १८९६ ची सांगतो.

पण मंडळी, मला लिहायचंय ते आपल्या देशावरच्या कुत्र्याबद्दल. जत, सोलापूर भागातल्या वाचकांना ते ठाऊक असेल. लांब तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, काटक पाय. उंची सव्वादोन फुटांच्या आसपास. गावात त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलं म्हणून हे नाव, असं मानतात. कान-शेपटीला रेशमी झालर असेल तर ते पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर, आपल्या पश्मिन्यातला तोच शब्द. (मराठीच्या मास्तराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही!)

आता रिंगणात काय चालतं ते बघा. बघणाऱ्याला वाटतं, कुत्र्यांची एकमेकांशी स्पर्धा आहे. तसं नसतं. प्रत्येक जातीचं एक लिखित वर्णन असतं, डोकं कसं, दात कसे मिटतात, खांदा किती तिरका, चाल कशी. परीक्षक प्रत्येक कुत्र्याला त्या वर्णनाशी ताडून बघतो. आम्ही नमुना उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर तपासायचो, तसंच. त्यासाठीची तयारी महिनोन्‌महिने चालते. कारवानीला कात्री लावायची गरज नसते. नखं कापायची, दात साफ ठेवायचे, अंगावरून हातमोजा फिरवायचा, झालं. खरी मेहनत वेगळीच. चारी पाय नीट रोवून पुतळ्यासारखं उभं राहायचं, सैल दोरीवर मालकाच्या डावीकडून दुडक्या चालीने गोल फिरायचं, आणि अनोळखी माणसाने जबडा उघडून दात बघितले, अंगभर हात फिरवला तरी हलायचं नाही.

इथेच घोडं अडतं. परक्याचा हात लागलेला या कुत्र्याला मुळी खपत नाही. धनगराच्या वाड्यावर तोच गुण, रिंगणात तोच दोष. मग सोशीक पिल्लं निवडली जातात, त्यांचीच पुढे वीण होते.

पूर्वी निवड रानात व्हायची. ससा ज्याला सापडला त्याची पिल्लं लोक मागून न्यायचे. तिथे वंशावळीचा कागद नव्हता, पण परीक्षा कडक होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार जवळजवळ पूर्णच बंद झाली. ते योग्यच झालं, सशाचीही बाजू आहे! पण कुत्र्याचं काम गेलं. उरली ती राखण आणि रिंगण. रिंगणात नोंद होते, वंशावळ राहते, वाट्टेल तशी भेसळ थांबते, हे मी मान्य करतो. पण वीस पावलांच्या गोल फेरीत वाऱ्यासारखं धावणारं कुत्रं ओळखायचं कसं? माझं मत विचाराल तर, रिंगणाबरोबर धावण्याचीही परीक्षा हवी. शिकार नको, नुसती पळवा की! आमच्या मनोरीच्या ओल्या वाळूवर ओहोटीला जागाच जागा असते.

नावाचा घोळ तर विचारूच नका. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान, १९४८ साली मुंबई राज्यात आलं आणि १९५६ ला म्हैसूरकडे गेलं. तिथल्या मालोजीराजांनी या कुत्र्यांची जोपासना केली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी नजर केली अशी गोष्ट सांगतात. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रुळलं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला 'कॅरावान हाउंड' म्हणतो, आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. एकच कुत्रं, दोन वह्या! सोमणांनी 'द इंडियन डॉग' हे पुस्तक १९६३ सालीच लिहून ठेवलं होतं. देशी कुत्र्यांवर इतकं लक्ष देणारा माणूस त्या काळी विरळाच.

२००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यावर नाव छापलं मुधोळचं. २०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला, तोही मुधोळ म्हणूनच. जतच्या बाजारात मात्र कुणाला विचारलंत, तर तो अजूनही कारवानच म्हणेल.