विमानमागोवा, उपग्रहाधारित (एडीएस-बी) : भारतातील उभारणी

विमानाने उपग्रहांच्या मदतीने स्वतःचे स्थान काढायचे आणि ते न विचारता, ठरावीक वेळाने, सर्वांना ऐकू जाईल असे रेडिओवरून सांगत राहायचे, या पद्धतीला ‘ऑटोमॅटिक डिपेंडन्ट सर्व्हेलन्स – ब्रॉडकास्ट’ किंवा थोडक्यात एडीएस-बी म्हणतात. मराठीत तिला ‘स्वयंचलित परावलंबी टेहळणी’ असे म्हणता येईल. वैमानिकाला काही करावे लागत नाही म्हणून ती स्वयंचलित. जमिनीवरची यंत्रणा विमानाने सांगितलेल्या माहितीवरच विसंबते म्हणून परावलंबी. देशभर अशी पद्धत बसवताना उपकरणे विकत घेणे हा सोपा भाग असतो. आधी जमिनीवर अँटेना की आधी विमानात पेटी, आधी वरचे आकाश की खालचे, असा क्रम लावणे अवघड असते. भारताने लावलेला क्रम परभणीसारख्या विमानतळ नसलेल्या जिल्ह्याच्या आकाशावरून चांगला समजतो.

कार्यपद्धती

रडार विचारते, एडीएस-बी सांगते. प्राथमिक रडार रेडिओलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपते. त्यातून विमान कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे ते कळते. ते कोणाचे आणि किती उंचीवर, हे कळत नाही. दुय्यम रडार विमानातल्या ट्रान्सपॉण्डरला प्रश्न विचारते आणि उत्तरातून ओळख व उंची मिळवते. पण त्याचा अँटेना गोल फिरत असल्याने पडद्यावरचा ठिपका काही सेकंदांच्या अंतराने पुढे सरकतो.

एडीएस-बीत विमानातला जीपीएस ग्राहक स्थान काढतो आणि ट्रान्सपॉण्डर १,०९० मेगाहर्ट्‌झवर ते प्रक्षेपित करतो. स्थान आणि वेग यांचे संदेश सेकंदाला साधारण दोनदा जातात, उड्डाणाचे नाव काही सेकंदांनी एकदा. एक संदेश ११२ बिटांचा असतो आणि तो १२० मायक्रोसेकंदांत संपतो. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा जागतिक पत्ता असतो. भारतात नोंदलेल्या विमानांचे पत्ते षोडशमान पद्धतीत आठ या अंकाने सुरू होतात. जमिनीवर ऐकायला फिरता अँटेना लागत नाही. छोटा उभा दांडा आणि एक ग्राहकपेटी पुरते, म्हणून रडारच्या तुलनेत हे केंद्र खूपच स्वस्तात उभे राहते. हौशी लोक घराच्या गच्चीवर असा ग्राहक लावतात. २००६ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळाचा नकाशा प्रामुख्याने अशा गच्च्यांवरच्या ग्राहकांमुळे भरतो.

उपग्रह इथे दोन वेगवेगळ्या भूमिकांत येतात आणि त्यांची अनेकदा गल्लत होते. पहिल्या भूमिकेत जीपीएसचे उपग्रह विमानाला त्याचे स्थान देतात. दुसऱ्या भूमिकेत वेगळेच उपग्रह विमानाचे बोलणे वरून ऐकतात. पहिल्याशिवाय पद्धतच चालत नाही. दुसरे समुद्र आणि वाळवंट यांसाठी नंतर जोडले गेले.

पार्श्वभूमी

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ समोरासमोर धडकले. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते, सौदी विमानाला १४,००० वर. कझाक विमान थांबले नाही, ते खाली उतरत गेले. दिल्लीच्या नियंत्रकांपाशी तेव्हा प्राथमिक रडार होते. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे येत होते, पण त्यांची उंची पडद्यावर उमटत नव्हती. आकाशातली ही जगातली सर्वांत भीषण टक्कर ठरली. न्या. लाहोटी यांच्या चौकशीनंतर भारतात दुय्यम रडार आणि विमानातली टक्कररोधक यंत्रणा यांना वेग आला.

दुसरा धक्का ८ मार्च २०१४ चा. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० नाहीसे झाले आणि समुद्रावर विमानांचा माग किती विरळ असतो हे सगळ्या जगाला दिसले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या विमानांचे स्थान निदान दर पंधरा मिनिटांनी कळलेच पाहिजे असा दंडक केला. तो नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला.

इतर देशांचा क्रम

अमेरिकेने आधी एका कोपऱ्यात प्रयोग केला. अलास्काच्या नैऋत्येला बेथेल गावाच्या आसपास रस्ते नाहीत, रडारही नव्हते, आणि टपालापासून रुग्णांपर्यंत सगळे लहान विमानांनी जाते. १९९९ पासून तिथल्या विमानांत सरकारी खर्चाने उपकरणे बसवली. देशव्यापी नियम मे २०१० मध्ये आला आणि मुदत दिली १ जानेवारी २०२० ची. जवळजवळ दहा वर्षे हातात असूनही लहान विमानांचे मालक हलेनात, तेव्हा २०१६ मध्ये ५०० डॉलरची सूट जाहीर करावी लागली. ‘तुम्ही आधी बसवा, मग आम्ही’ हा घोळ दोन्ही बाजूंनी चालतो. विमान कंपनीला ऐकणारे केंद्र दिसल्याशिवाय पेटी घ्यायची नसते आणि सरकारला बोलणारी विमाने दिसल्याशिवाय केंद्रावर खर्च करायचा नसतो.

ऑस्ट्रेलियाने वेगळा रस्ता धरला. खंडाचा मधला विस्तीर्ण भाग रडारविना होता, म्हणून आधी सरकारने भूकेंद्रे उभारली आणि डिसेंबर २०१३ पासून २९,००० फूट व त्यावरच्या विमानांना सक्ती केली. उंच उडणारी विमाने बहुधा नवी आणि मोठ्या कंपन्यांची असतात, त्यांच्यात उपकरण आधीच बसवलेले असते. त्यामुळे वरचे आकाश आधी घेतले की विरोध कमी होतो. भारताचा क्रम याच्या जवळचा आहे.

भारतातील टप्पे

भारताच्या जबाबदारीचे आकाश सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग समुद्रावर येतो. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशी चार मोठी उड्डाण माहिती क्षेत्रे ते वाटून घेतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने पहिल्या टप्प्यात जर्मनीच्या कॉमसॉफ्ट कंपनीची केंद्रे घेतली आणि पुढे देशभरात २१ ठिकाणी एडीएस-बी केंद्रे उभी केली. जागा निवडताना दोन हेतू होते. नागपूरसारख्या ठिकाणी आधीपासूनच्या रडारला जोड मिळाली. तर अंदमानातले पोर्ट ब्लेअर आणि लक्षद्वीपमधले अगत्ती इथून समुद्राचा असा भाग ऐकू येऊ लागला जिथे रडार पोचत नव्हते. मग २९,००० फूट आणि त्यावरच्या मार्गांवर विमानात एडीएस-बी असण्याची अट आली. थोडक्यात, आधी कान, मग बोलण्याची सक्ती.

याला समांतर दुसरे काम चालू होते. जीपीएसचा संकेत वातावरणाच्या आयनावरणातून येताना रेंगाळतो आणि विषुववृत्ताजवळच्या देशांत हा दोष अधिक असतो. तो सुधारण्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ ही प्रणाली सुमारे ७७४ कोटी रुपये खर्चून उभारली. देशभरची १५ संदर्भकेंद्रे चूक मोजतात आणि दुरुस्ती जीसॅट-८ व जीसॅट-१० या उपग्रहांमार्फत विमानापर्यंत जाते. प्रवासातील दिशादर्शनासाठी तिला ३० डिसेंबर २०१३ ला प्रमाणपत्र मिळाले आणि उंचीसह धावपट्टीकडे उतरण्यासाठी २१ एप्रिल २०१५ ला. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला गगनच्या आधारे उतरले. जून २०२३ मध्ये मुंबईच्या जुहूहून पुण्याला एक हेलिकॉप्टर याच प्रणालीवर नेऊन दाखवले गेले.

समुद्रासाठी शेवटचा कान आकाशात लावला गेला. इरिडियम कंपनीच्या नव्या पिढीच्या उपग्रहांवर एडीएस-बी ग्राहक बसवलेले आहेत. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ६६ उपग्रहांची जाळी सगळी पृथ्वी ऐकते. त्यांचे शेवटचे प्रक्षेपण ११ जानेवारी २०१९ ला झाले. ही सेवा देणाऱ्या एअरऑन कंपनीशी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबई, चेन्नई आणि कोलकाता क्षेत्रांच्या समुद्री आकाशासाठी करार केला. टेहळणी नसताना एकामागून एक जाणाऱ्या विमानांमध्ये ५० सागरी मैल किंवा दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. विमान दिसू लागले की ते पुष्कळ कमी करता येते, मार्गावर अधिक विमाने मावतात आणि त्यांना सोयीची उंचीही लवकर मिळते.

पुढचा बेत नागपूरभोवती आखला आहे. चारही क्षेत्रांचे वरचे आकाश एकाच केंद्रातून सांभाळण्याच्या ‘ईशान’ या प्रकल्पासाठी प्राधिकरणाने २०२४ मध्ये इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. देशभरच्या केंद्रांवरून येणारा माग एका पडद्यावर जोडता येतो, म्हणूनच हा विचार शक्य झाला.

परभणीचे आकाश

परभणी जिल्ह्यात नागरी विमानतळ नाही. जवळचा विमानतळ नांदेडचा, परभणी शहरापासून हवेतून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला. तरीही वर वर्दळ असते. मुंबई आणि भुवनेश्वर यांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर जिंतूरच्या आसपासून जाते. दिल्ली–बेंगळुरू रेघ शेजारच्या हिंगोली-नांदेडवरून.

यातले काय ऐकू येते, हे पृथ्वीच्या गोलाईवर ठरते. १,०९० मेगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ सरळ जाते. क्षितिजाखाली उतरलेले विमान कितीही मोठ्याने बोलले तरी ऐकू येत नाही. अंतर काढायचे सूत्र सोपे आहे : विमानाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. ३५,००० फुटांवरचे विमान सुमारे ४२५ किलोमीटरवरून ऐकू येते. नागपूर परभणीपासून हवेतून अंदाजे ३२० किलोमीटर. म्हणजे परभणीच्या डोक्यावरून उंच जाणारे विमान नागपूरच्या अँटेनाला खुशाल ऐकू येते. तेच विमान साधारण २०,००० फुटांखाली आले की त्या अँटेनापुरते गप्प होते. वाटेत डोंगर असेल तर त्याआधीच. म्हणून लहान विमानतळांजवळचे आकाश भरायचे तर दूरच्या केंद्राची ताकद वाढवून भागत नाही, जवळ आणखी केंद्रे लावावी लागतात.

मर्यादा

विमान सांगेल ते खरे मानायचे, ही या पद्धतीची सोय आहे आणि कमजोरीही. संदेशांना कुलूप नसते, त्यामुळे खोटे विमान उभे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. त्याहून नेहमीचा त्रास जीपीएसच्या गडबडीचा. संकेत दाबला किंवा खोटा पुरवला की विमान स्वतःच चुकीच्या जागी आहे असे समजते आणि प्रामाणिकपणे तेच चुकीचे स्थान प्रक्षेपित करते. पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. उपाय म्हणून अनेक केंद्रांवर एकच संदेश किती फरकाने पोचला हे मोजून स्थान पडताळता येते. दुय्यम रडारही त्यासाठीच जागेवर ठेवलेली आहेत. एडीएस-बी आली म्हणून रडार सरसकट काढून टाकलेल्या मोठ्या देशाचे उदाहरण सापडत नाही.

अगदी खालचे आकाश तर वेगळाच प्रश्न आहे. सोयाबीन आणि कापसावर फवारणी करणारे ड्रोन काही मीटरांवर उडतात. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. थेट माग देणारी यंत्रणा ड्रोनमध्ये सक्तीची करण्याची तरतूद त्या नियमांत भविष्यासाठी राखून ठेवलेली आहे. पण ती एडीएस-बी असण्याची शक्यता कमी. अमेरिकेने लहान ड्रोनना सर्वसाधारणपणे एडीएस-बी प्रक्षेपणाची मनाईच केली आहे, कारण हजारो ड्रोन एकाच लहरीवर बोलू लागले तर प्रवासी विमानांचा आवाज त्या गर्दीत बुडेल.

ड्रोनच्या वरही परभणीत प्रश्न उरतोच. मुंबईच्या दिशेकडून नांदेडला उतरायला येणारे विमान परभणी शहरावर पोचेपर्यंत बहुधा दहा-बारा हजार फुटांवर आलेले असते. नागपूरच्या अँटेनाचे क्षितिज तिथे सुमारे २०,००० फुटांवर आहे.