चांदमारी क्षेत्रांचा आवाज : पूर्वानुमान व व्यवस्थापन

लष्करी चांदमारी क्षेत्रातून भोवतालच्या वस्तीपर्यंत किती आवाज पोहोचेल याचे आगाऊ गणित मांडून त्यानुसार सरावाची जागा, वेळ आणि शस्त्रे ठरवण्याच्या शास्त्राचा येथे विचार केला आहे. हा आवाज तीन ठिकाणी उपजतो : नळीच्या मुखाशी वायूंच्या स्फोटातून, ध्वनीहून वेगवान गोळ्याने हवेत उठवलेल्या आघात-तरंगातून आणि गोळा फुटतो तेथे. रायफलीचा आवाज तीक्ष्ण व कमी पल्ल्याचा असतो; तोफेच्या धडाक्यातील बरीच ऊर्जा मात्र १०० हर्ट्झच्या खाली असल्याने तो हवेत फारसा शोषला जात नाही व कित्येक किलोमीटरांवरील तावदाने खडखडवतो. ३० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ११ मीटर असते, त्यामुळे रायफलीच्या मैदानाभोवती उपयोगी पडणारा मातीचा बांध अशा आवाजापुढे जवळजवळ निरुपयोगी ठरतो, आणि झाडांच्या रांगेने तो अडेल ही समजूतही चुकीची आहे.

पूर्वानुमानातील खरी अडचण हवामानाची आहे. एरवी दिवसा उंचीबरोबर हवा थंड होत जाते, तेव्हा ध्वनी अपवर्तनाने वर वळतो व दूरच्या जमिनीवर ध्वनिछाया पडते. परंतु निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, म्हणजे तापमानाची विपरीतता होते, तेव्हा तोच ध्वनी खाली वळून दूरच्या गावावर उतरतो. वाऱ्याच्या दिशेनेही असेच घडते. म्हणून तीच तोफ, तोच दारूगोळा आणि तेच गाव असूनही एक दिवस कोणाचे लक्ष जात नाही, तर दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात. या तक्रारींना भ्रम ठरवणे अन्यायाचे आहे.

मोजमापाची रीतही येथे निर्णायक ठरते. मानवी कानाच्या संवेदनेनुसार केलेले ‘ए’ भारांकन ३१.५ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३९ डेसिबेल वजा करते, तर ‘सी’ भारांकन केवळ ३. साहजिकच तोफांसाठी दुसरे वापरतात. अमेरिकी सैन्य ‘बीनॉइज’ ही संगणकप्रणाली मोठ्या शस्त्रांसाठी व ‘सारनॅम’ लहान शस्त्रांसाठी वापरत आले असून, वर्षाच्या सरासरीखेरीज बदलत्या हवामानात फक्त १५ टक्के वेळा ओलांडली जाईल अशी एकेका धडाक्याची शिखरपातळीही काढते. ही पातळी ११५ डेसिबेलांच्या आत असल्यास तक्रारींचा धोका कमी, १३० च्या पुढे गेल्यास मोठा मानतात. सरासरीत दबून जाणारा एकच प्रचंड धडाका त्यामुळे हिशेबात येतो.

व्यवस्थापनाचे सर्वांत परिणामकारक उपाय साधे आहेत : विपरीतता मोडेपर्यंत जड तोफा न डागणे, नळीच्या तोंडासमोर आवाज अधिक असल्याने शक्य तेथे तिचा रोख वस्तीपासून वळवणे, रात्रीचा सराव आटोपशीर ठेवणे, गावांना वेळापत्रक आधी कळवणे आणि क्षेत्राच्या कडेला नवी घरे उभी राहू न देणे. देवळाली व अहिल्यानगरजवळील सराव क्षेत्रांभोवतीच्या गावांनाही यांतील पूर्वसूचनेचा उपाय विशेष मोलाचा आहे. भारतात क्षेत्रीय गोळीबार व तोफखाना सरावासंबंधीचा १९३८ चा अधिनियम नुकसानभरपाईची तरतूद करतो. तथापि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी मर्यादा, दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, ‘ए’ भारांकित सरासरीच्या आहेत आणि तोफेच्या धडाक्याला त्या अपुऱ्या पडतात.