परिच्छेद आणि पुरावा

शाळेंतील निबंध हा बहुधा मतांचा संग्रह असतो. विद्यार्थ्यास एखादा ऐतिहासिक पुरुष थोर वाटतो, म्हणून तो त्यास थोर म्हणतो. त्याचें शौर्य, धर्मनिष्ठा व दातृत्व एकाच परिच्छेदांत कोंबतो. आणि हें सर्व कशावरून, असें विचारल्यास ‘सर्वांस ठाऊक आहे’ एवढेंच उत्तर देतो. एका परिच्छेदांत एकच विधान करावें आणि त्याच्या पाठीशीं मूळ लेखांतील आधार उभा करावा, हा नियम त्यास मुद्दाम शिकवावा लागतो. मराठी गद्यासही तो शिकावाच लागला, आणि त्याचे खरे शिक्षक इतिहासाचे वाद होत.

पेशवाईंतील मोडी कागद पाहावा. लेखकानें प्रथम आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें ओळीनें लटकविलेलीं दिसतात. शब्द शब्दापासून तुटलेला नसतो; वाक्य कोठें संपलें तें अर्थावरून जाणावें लागतें. बखरींतील कथनही असेंच अखंड वाहतें. ऐकणारास तें रसाळ वाटतें. परंतु लेखकानें पाहिलेलें कोणतें, ऐकलेलें कोणतें व कल्पिलेलें कोणतें, हें त्या प्रवाहांतून निराळें काढणें कठीण जातें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कॅन्डी यांच्या खटपटीनें विरामचिन्हें रूढ होऊं लागलीं, आणि छापखान्यानें परिच्छेदाची सवय लाविली. विचारास आरंभ व शेवट मिळाला. विधानास आधार मिळणें अद्याप बाकी होतें.

तो आधार मागण्याचा मान एका विद्यार्थ्याकडे जातो. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याचें मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नांवानें वाचलें जाऊं लागलें. ग्रंथकार सत्ताधाऱ्यांपैकीं, ग्रंथ मोठा. त्यावर शंका घेण्याचें कोणाच्या मनांत येत नव्हतें. १८६७ सालीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं पुण्यांतील तरुणांच्या सभेपुढें त्या ग्रंथाची परीक्षा करणारा निबंध वाचला, आणि पुढें तो ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत छापला गेला. छापलें म्हणून खरें, ही भावना तेथें ढळली. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघून जुन्या बखरी व कागद छापले जाऊं लागले. १८९८ सालीं राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. कागद हातीं नसतां विधान करणें, ही आतां लाजेची गोष्ट ठरली.

पुराव्यानें परिच्छेद कसा उभा राहतो, याचा उत्तम धडा शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादांत मिळतो. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं लिहिलेली. तींत जन्म शके १५४९ चा, म्हणजे इ. स. १६२७ चा, दिलेला आहे, आणि पुष्कळ काळ तोच मानला जाई. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे घराण्यांतील शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका नोंदीनें वाद मिटत नाहीं. परंतु महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’तही तीच तिथि निघाली, आणि राजस्थानांत मिळालेल्या जुन्या कुंडलींतही तीच. मावळांतील देशमुखाचें घर, दरबारांतील कवि आणि दूरचा ज्योतिषी यांनीं एकमेकांशीं संगनमत केलें असेल, असें मानण्यास कारण नाहीं. या तीन साक्षींपुढें उत्तरकालीन बखरीची एकटी साक्ष दुबळी पडते. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानेंही हीच तारीख स्वीकारली.

वरील युक्तिवादाचे टप्पे पाहिले म्हणजे शिक्षकास निराळा नमुना शोधावा लागत नाहीं. प्रथम प्रश्न एक. मग मूळ लेख काय म्हणतो. तो लेख कोणाचा व घटनेपासून किती अंतरावरचा. विरुद्ध साक्ष कोणती. आणि शेवटीं निर्णय. विद्यार्थी बहुधा दुसऱ्या टप्प्यावरच थांबतो. तो उतारा देतो, पण त्या उताऱ्यानें विधान कसें सिद्ध होतें तें सांगत नाहीं. न उलगडलेला उतारा हा न्यायालयांत आणून मुका बसविलेला साक्षीदार होय. त्यास बोलतें करणें हेंच लेखकाचें काम. विरुद्ध जाणारा पुरावा दडपणें तर त्याहून वाईट. चिटणिसांची बखर लपवून जन्मतिथि सिद्ध करणारावर वाचक पुन्हा विश्वास ठेवणार नाहीं.

ही शिस्त केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं नाहीं. प्रिय समजूतही कागदासमोर तपासून घेण्याची सवय ज्यास लहानपणीं लागली, तो पुढें अफवेस, जाहिरातीस किंवा सभेंतील गर्जनेस सहजीं बळी पडत नाहीं. कीर्तन्यांच्या हातीं सत्ता नव्हती व पदही नव्हतें. ग्रंथ नीट वाचून त्यास ‘कशावरून’ असा प्रश्न विचारण्याचें धैर्य मात्र होतें. तेवढें धैर्य मुलाच्या वहींतील एका परिच्छेदांत उतरलें, तरी शिक्षकाचे श्रम फळास आले असें म्हणावें.